सोळा पानांचे डॉक्टर

कवितेचा कागद हातात पडला की डॉक्टर आधी तळहातानं वरचा सगळा मजकूर झाकायचे आणि शेवटच्या दोन ओळी तेवढ्या वाचायचे. मग चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघून म्हणायचे, "बाई, शेपूट कापा."

एवढं सांगून झालं की हात बाजूला करायचे आणि मग कविता पहिल्यापासून वाचायला घ्यायचे. मला सुरुवातीला हसू यायचं. पण तुम्हीही गावोगावच्या हौशी कवींच्या कविता वाचल्या असतील तर डॉक्टरांचं म्हणणं तुम्हाला पटेल. कविता चांगली आपल्या वाटेनं चाललेली असते आणि शेवटच्या दोन ओळींत एकदम स्टेजवर चढून माईक हातात घेते. म्हणून सांगतो बंधूंनो, झाडे लावा, आईबापांना जपा, व्यसनांपासून दूर राहा. कविता नांगरावर असो, बायकोवर असो, नाहीतर देवळाबाहेर हरवलेल्या चपलेवर असो, शेवटी बंधूंनी व्यसनांपासून दूर राहायचंच. डॉक्टर म्हणायचे, कविता आधीच संपलेली असते, पण कवीला धीर धरवत नाही.

डॉक्टर म्हणजे गुरांचे डॉक्टर. खरं तर तेही नव्हते. खात्यात त्यांचा हुद्दा काहीतरी लांबलचक होता, पण आमच्याकडं ज्याच्या हातात सुई तो डॉक्टर. वेल्ह्याच्या बाजूच्या गावांत मोटारसायकलवरून हिंडायचं, गाईम्हशींना लस टोचायची, अडलेली कालवड सोडवायची, आणि हे सगळं करता करता कविता गोळा करायच्या. निवृत्त झाल्यावर पहिलं काम बंद झालं, दुसरं वाढलं.

मी भोरला एसटी स्टँडजवळच्या एका छापखान्यात टायपिंग करते. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, दहाव्याच्या चिठ्ठ्या, निवडणुकीची पत्रकं, सगळं माझ्या बोटांखालून जातं. त्यामुळं कोण जन्मलं आणि कोण गेलं याचं मला फारसं काही वाटेनासं झालं आहे. तोंडानंही मी जरा फटकळच. आमचे मालक गिऱ्हाईक आलं की आधी मला डोळ्यांनी गप्प करतात आणि मग त्याला या म्हणतात.

डॉक्टर पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी रबरबँड लावलेला चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा माझ्यापुढं ठेवला. त्याला फिनाईलचा असा भपकारा येत होता की मी खुर्ची मागं सरकवली आणि हे काय म्हणून विचारलं.

"सात कवी आहेत, बाई," ते म्हणाले. "जरा जपून हाताळा."

त्या सगळ्या लसीकरणाच्या चिठ्ठ्या होत्या. पुढच्या बाजूला मालकाचं नाव, गाव आणि जनावराचं वर्णन: म्हैस, काळी, डावं शिंग मोडलेलं. आणि मागच्या कोऱ्या बाजूवर कविता. जनावर शांत व्हायची वाट बघत गोठ्यात उभं राहिलं की शेतकरी बोलायला लागतो, हवापाणी झालं, भाव झाले, की हळूच म्हणतो, डॉक्टर, मी बी एक लिवलंय. डॉक्टर खिशातनं चिठ्ठी काढायचे आणि मागं उतरवून घ्यायचे. कुणी स्वतःच लिहून द्यायचं. मी पुढच्या बाजूचं नाव बघून चिठ्ठ्या लावायची, एका नावाच्या एकत्र, आणि टाईप करायची. कवी आणि म्हशीचा मालक एकच असल्यामुळं ही पद्धत बिनचूक चालायची.

पुस्तक मात्र सोळा पानांचंच. एक फर्मा, मध्ये दोन पिना, झालं. सोळा पानांत मावत नाही असं कुणी म्हटलं की डॉक्टर त्याला सांगायचे, मग तुम्ही कवी नाही, तुम्ही पुढारी. मुखपृष्ठाला लग्नपत्रिकांचा उरलेला जाड कागद वापरायचा, तेवढीच बचत. पहिल्या पुस्तकाच्या कडेला सोनेरी वेलबुट्टी होती, त्यामुळं कवीच्या गावात लोक पुस्तक हातात घेऊन लग्न कुणाचं म्हणून विचारत होते. एका आजीनं तर तारीख सापडेना म्हणून कवीच्या घरी निरोप धाडला.

पुस्तकं विकायची नाहीत, असा डॉक्टरांचा नियम होता. टांगायची. गुरांच्या कानात बिल्ला मारायचा जो चिमटा असतो, तो त्यांच्याकडं होता. त्यानं पुस्तकाच्या कोपऱ्यात भोक पाडायचं, सुतळी ओवायची आणि जिथं माणसाला थांबावं लागतं तिथं खिळ्याला अडकवायचं. पिठाच्या गिरणीत, दाढीकटिंगच्या दुकानात, दूध डेअरीत, वेल्ह्याच्या स्टँडवरच्या चहाच्या टपरीत. सारोळ्याच्या पुलाअलीकडं एक पंक्चरवाला होता, त्याच्याकडं सहा पुस्तकं टांगलेली होती आणि त्यातलं एक त्याचं स्वतःचं होतं. मोठाल्या गाड्यांतली माणसं टायर निघेपर्यंत तोंडं वाकडी करून उभी राहायची आणि शेवटी नाईलाजानं पुस्तकाला हात लावायची. डॉक्टर म्हणायचे, चालत्या माणसाला कविता दाखवून उपयोग नाही, तो अडकलेला पाहिजे.

वेल्ह्यातल्या न्हाव्यानं एकदा पुस्तकाची दोन पानं फाडून वस्तऱ्याचा फेस पुसला. मी ऐकलं आणि माझं डोकं सणकलं, कारण ती पानं मी रात्री जागून तीन वेळा दुरुस्त केली होती. डॉक्टरांनी मात्र नवीन प्रत टांगली आणि शेजारच्या खिळ्याला जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्यांचा गठ्ठा अडकवून आले.

भोरातले एक वकीलसाहेब होते, निवृत्त. त्यांच्याकडं दोनशे पानांच्या गझला होत्या, प्रस्तावनाही त्यांनी स्वतःच लिहून ठेवलेली होती. ते आमच्या दुकानात आले आणि डॉक्टरांना म्हणाले की तुमची माला चांगली आहे, पण तुम्ही गुरांचे डॉक्टर, तुम्हाला कवितेतलं काय कळतं. मालक खाली बघायला लागले. मी आ वासून बसले. डॉक्टर म्हणाले, "साहेब, मुक्या जनावराला कुठं दुखतंय ते मी हात लावून सांगतो. तुमची कविता तर बोलते." मग त्यांनी दोनशे पानं मांडीवर घेतली, तासभर चाळली आणि त्यातल्या नऊ गझला निवडल्या. वकीलसाहेब तणतणत गेले. आठ दिवसांनी परत आले आणि म्हणाले, दहा करा. डॉक्टरांनी नऊच छापल्या.

असं सगळं मजेत चाललं होतं. आता माझ्या हातून काय झालं ते सांगते.

पंचवीस-तीस पुस्तकं झाल्यावर डॉक्टरांचा माझ्यावर विश्वास बसला होता. लाळ्या-खुरकुताची साथ आली, खात्यात माणसं कमी, म्हणून निवृत्त असूनही त्यांना मदतीला बोलावलं. रोज एका गावात. जाताना मला सांगून गेले की बाई, चेअरमनच्या पुस्तकाचं तुम्हीच बघा, आणि शेपटं न विचारता कापत जा.

हे चेअरमन म्हणजे मार्गासनीच्या अलीकडच्या एका गावच्या दूध डेअरीचे. वर्षानुवर्षं बिनविरोध. कविता लिहायचे आणि सगळ्या कवितांत शेतकऱ्याला जागं करायचे. बारा चिठ्ठ्यांवर पुढं त्यांचंच नाव होतं. अकरा त्यांच्या अक्षरात, एक डॉक्टरांच्या अक्षरात. मला वाटलं, ही त्यांनी तोंडी सांगितली असेल. मी बारा कविता टाईप केल्या आणि पटापटा बारा शेपटं कापली. अकरांत बंधू होते. बाराव्यात काय होतं ते मी वाचलंच नाही. खोटं कशाला बोलू, हात आपोआप चालत होता, आणि समोर एका लग्नाची पत्रिका संध्याकाळपर्यंत द्यायची होती.

प्रुफं चेअरमनकडं गेली आणि पानापानावर ठीक असं लिहून, खाली सही करून परत आली. बारावी कविता छापली गेली ती अशी:

चार दिस झालं, म्हस पान्हा सोडंना,
पेंड घातली, गूळ घातला, मान काय वळंना.
खुंटीवरचा सदरा घातला, बाह्या दुमडल्या वर,
हुंगलं तिनं, जीभ लावली, सुटली बया धार.
चरवी भरली काठोकाठ, फेस आला भराभर,
म्हस बघं सदऱ्याकडं, हसलं समदं घर.

पुस्तकातली हीच कविता चालली. बाकीच्या अकरांत शेतकरी काही जागा झाला नाही, पण म्हैस मात्र गावोगाव गेली. गिरणीत, डेअरीत लोक ती म्हणून दाखवायचे. शाळेनं सव्वीस जानेवारीला चेअरमनना बोलावलं, त्यांनी म्हशीसारखी मान वळवून, सदरा हुंगून कविता म्हटली. पोरं पोट धरून हसली. शाल-श्रीफळ मिळालं. मालकांनी मला मोबाईलवर फोटो दाखवला आणि मीही खूश झाले, आपल्या दुकानाचं नाव झालं म्हणून.

उन्हाळ्याच्या तोंडाला एक बाई दुकानात आल्या. साठीच्या आसपासच्या, डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. बराच वेळ काउंटरपाशी पत्रिकांचे नमुने बघत उभ्या राहिल्या. मी विचारलं, लग्न आहे का? त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि डॉक्टरांची पुस्तकं इथंच छापतात का, म्हणून विचारलं. मग सांगितलं की त्या सुंदराबाई, चेअरमनच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन तीन वर्षं झाली. त्या दिराच्याच घरी राहतात. म्हशींचं सगळं आधी मालक बघायचे, म्हणजे त्यांचे यजमान, आता त्या बघतात.

डॉक्टर लस टोचायला आले तेव्हा म्हैस धरून त्याच उभ्या होत्या. चेअरमन डेअरीवर होते. चिठ्ठीवर नाव त्यांचं, कारण म्हैस त्यांच्या नावावर. आणि कविता सुंदराबाईंनी म्हटली होती, त्यांची स्वतःची, हातातलं दावं न सोडता, सहज.

मी काही बोलायच्या आत त्यांनी शाळेतला कार्यक्रम सांगितला. त्या मागं बायकांत बसल्या होत्या. "समदी हसली," त्या म्हणाल्या. "हसू द्या, म्हस हायच तसली. पर शेवटच्या दोन ओळी त्येंनी म्हनल्याच न्हाईत. मला वाटलं इसरलं. घरी आल्यावर नातीकडनं पुस्तक वाचून घेतलं, तर पुस्तकातबी न्हाईत. कुठं गेल्या वो त्या?"

मी विचारलं, कोणत्या दोन ओळी? त्या पत्रिकांवरच्या गणपतीकडं बघत, अगदी हळू म्हणाल्या:

म्हस बिचारी फसली, तिचं भागलं गं सई,
मला फसवाया सदरा घालून कुनी येत न्हाई.

बाजूला झेरॉक्सचं मशीन खडखडत होतं, ते बंद करावं एवढंही भान राहिलं नाही.

मग मी घाईघाईनं म्हणाले की आपण पुस्तक पुन्हा छापू, तुमचं नाव घालू. त्या एकदम मागं सरकल्या. "नाव ऱ्हाऊ द्या त्येंचंच," त्या म्हणाल्या. "त्येंच्या घरात ऱ्हाते म्या. नावावरनं तंटा नको. पर त्या दोन ओळी माझ्या मला द्या."

चिठ्ठ्या मी कधी फेकत नाही. सुंदराबाई गेल्यावर खोकं उपसून ती बारावी चिठ्ठी काढली. मागच्या बाजूला, अगदी खाली, डॉक्टरांच्या वाकड्या अक्षरात त्या दोन ओळी होत्या आणि त्यांच्यावर माझ्या लाल पेनाची रेघ होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले तेव्हा मी चिठ्ठी त्यांच्यापुढं ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता ओरडतील. त्यांनी चिठ्ठी उलटून पुढचं म्हशीचं वर्णन वाचलं. त्यांना सगळं आठवलं. त्या दिवशी म्हशीनं त्यांच्या पायावर पाय दिला होता, ते एका हातानं लिहीत होते आणि कण्हत होते, बाई काय म्हणतेय ते कानावर पडत होतं पण आत जात नव्हतं. लिहून झालं आणि चिठ्ठी खिशात गेली.

"ऐकलं मी, उतरवलंही मी," ते म्हणाले. "आणि तुम्हाला न वाचता कापायला मीच सांगितलं. चूक माझी आहे, बाई."

मी म्हटलं, डोळे मला होते. त्यावर त्यांनी मालकांना चहा सांगायला सांगितला आणि विषय संपवला. त्यानंतर कितीतरी लोकांपुढं त्यांनी ही गोष्ट सांगितली. माझं नाव एकदाही घेतलं नाही. दरवेळी हेच, माझ्याकडून दोन ओळी गेल्या.

आधी ते चेअरमनकडं गेले. कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेले, हे मला आठवतं, कारण एरवी त्यांच्या शर्टाला शेणाचा एखादा डाग असायचाच. सुंदराबाईंनी कुणाला काही सांगितलं, असं त्यांनी येऊ दिलं नाही. माझीच चिठ्ठी मला सापडली, एवढंच म्हणाले. चेअरमन आधी हसले, मग चिडले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. म्हैस माझी, गोठा माझा, खुंटी माझ्या घरातली, मग कविता कुणाची? आणि त्यात शाल-श्रीफळ झालेलं, आता गावाला काय सांगू? डॉक्टरांनी त्यांना त्या दोन ओळी वाचून दाखवल्या आणि म्हणाले, "सदरा तुमच्या थोरल्या भावाचा होता, चेअरमन." चेअरमन उठून आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी डेअरीतल्या खिळ्यांवरची सगळी पुस्तकं काढून टाकल्याचा निरोप आला.

डॉक्टरांना डेअरी गेल्याचं वाईट वाटलंच. तिथं सकाळ-संध्याकाळ माणूस अडकलेला मिळायचा. पण त्यांना खरी काळजी सुंदराबाईंची होती. आपल्यामुळं त्या घरात बाईला कुणी टाकून बोलू नये, म्हणून त्यांनी त्या गावात जाणंच थांबवलं.

पण ओळी परत द्यायच्या होत्या. मी त्याच टायपात त्या दोन ओळींची पट्टी केली. नाव नाही, काही नाही, नुसत्या दोन ओळी. दोनशे पट्ट्या कापल्या. डॉक्टरांनी डिंकाची बाटली घेतली आणि निघाले. एसटीनं जायचे, कधी कुणाच्या दुधाच्या टेम्पोत बसून. प्रत्येक गिरणीत, प्रत्येक टपरीत खिळ्यावरून पुस्तक काढायचं, बारावी कविता उघडायची, खाली पट्टी चिकटवायची, वाळेपर्यंत फुंकर घालत बसायचं. पुस्तक भलतीकडंच गेलेलं असायचं. एका गिरणीवाल्यानं ते पट्टा सरकू नये म्हणून मोटारीखाली घातलं होतं. एक प्रत नसरापूरच्या बाजारात फुटाणेवाल्याकडं मिळाली, तिची अर्धी पानं पुड्या होऊन गेली होती, नेमकी म्हैस शिल्लक होती. डॉक्टरांनी फुटाणे घेतले आणि तिथंच पट्टी चिकटवली.

त्यांना विचारलं, लोक काय म्हणतात, तर म्हणायचे, हसायचं थांबतात. वेल्ह्याच्या त्या न्हाव्यानं, ज्यानं पानं फाडली होती, त्यानं एका गिऱ्हाईकाची अर्धी दाढी ठेवून कविता पहिल्यापासून वाचली आणि मगच उरलेली दाढी केली. डॉक्टर हे सांगताना इतके खूश होते की त्यांनी आम्हा सगळ्यांना स्वतः चहा आणून दिला.

त्यानंतर त्यांनी शेपटं कापणं सोडलं का? छे. कापायचे. पण आता हातानं वरचा मजकूर झाकायचे नाहीत, आणि कापायच्या आधी कवीला समोर बसवून मोठ्यानं म्हणायला लावायचे. त्यात फार वेळ जायचा. दुकानात दोन-दोन कवी ताटकळत बसलेले असायचे आणि मालक घड्याळाकडं बघत असायचे.

मागच्या श्रावणात एका सकाळी डॉक्टर पोहे खाऊन उठले आणि दारातच बसले. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पाणी आणेपर्यंत संपलं होतं. मी त्यांच्या दहाव्याची चिठ्ठी टाईप केली. आजवर शेकड्यांनी केल्या असतील, पण ही करताना तीनदा चुकले.

महिन्याभरानं काकूंनी त्यांची पिशवी दुकानात आणून दिली. आत डिंकाची बाटली, सुतळीचं बंडल आणि एक वही होती. वहीत कुठल्या गावात कुठल्या खिळ्याला कोणतं पुस्तक आहे ते लिहिलेलं, आणि चेअरमनच्या पुस्तकापुढं पट्टी लावल्याच्या खुणा. सगळ्यांपुढं खूण होती. एकच गाव राहिलं होतं, चेअरमनचं. तिथल्या पाच प्रतींपुढं त्यांनी काहीच केलं नव्हतं. शेवटची पाच पट्ट्यांची गुंडाळी वहीत तशीच होती.

मी मालकांना सांगितलं की उद्या येणार नाही. त्यांनी का म्हणून विचारलं नाही, हे त्यांचं मोठेपण.

नसरापूरला गाडी बदलून मी वेल्ह्याच्या एसटीत बसले. आयुष्यात एवढ्या गावांची नावं टाईप केली, पण त्या रस्त्यानं पहिल्यांदाच चालले होते. वाटभर भांडायची तयारी केली. चेअरमन काय म्हणतील, त्यावर मी काय म्हणेन, सगळं पाठ. म्हटलं, डॉक्टर सज्जन होते, मी नाही.

डेअरीवर संध्याकाळची रांग लागली होती. किटल्या, कॅन, दुधाचा वास. चेअरमन नव्हते. दूध मोजणारा एक चाळिशीतला गृहस्थ होता, त्याला मी सांगितलं की डॉक्टरांच्या छापखान्यातनं आले आहे, डॉक्टरांची पुस्तकं इथं होती ती कुठं टाकलीत? त्यानं माप न थांबवता मानेनं भिंतीकडं खूण केली.

पुस्तकं खिळ्यावर होती. सगळी. सुतळ्या नव्या होत्या.

मी चेअरमनचं पुस्तक काढलं आणि बारावी कविता उघडली. छापलेल्या सहा ओळींच्या खाली निळ्या बॉलपेननं, कागद फाटेल इतकं दाबून, त्या दोन ओळी लिहिल्या होत्या. एका जागी आधी बाई लिहिलं होतं, ते खोडून वर सई केलं होतं. त्याखाली लिहिलं होतं, ही कविता माझी नाही, सुंदरावहिनींची आहे. आणि सही. ती सही मी ओळखत होते, प्रुफाच्या पानापानावर पाहिली होती.

मोजणाऱ्यानं मग सांगितलं. डॉक्टर गेल्याचं कळलं त्या दिवशी चेअरमन डेअरीत आले, कपाटातनं पुस्तकं काढायला लावली आणि पेन मागितला. पाचही प्रतींत लिहीत बसले. एक प्रत घरी नेऊन वहिनींना वाचून दाखवली. मी विचारलं, त्या काय म्हणाल्या? तो हसला. "काय म्हनत्यात. म्हनल्या, एक शब्द चुकला. मंग परत येऊन पाचही पुस्तकांत खोडलं."

आणि मला रडू फुटलं. भर रांगेत, हातात पुस्तक धरून. डॉक्टर असते तर चेअरमननी पेन मागितलाच नसता, हे मला कळत होतं. तरी राग डॉक्टरांचाच आला, की असे कसे गेले, हे बघायला एक दिवस थांबले नाहीत.

मागं किटली घेऊन उभ्या असलेल्या एका बाईनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि डॉक्टर माझे कोण लागत होते, म्हणून विचारलं.

मी म्हटलं, कोणी नाही, आमच्याकडं पुस्तकं छापायचे. तिनं आपली जागा सोडून मला भिंतीजवळच्या बाकावर बसवलं आणि परत रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली.